दिवस जाण्याआधी तिला गाठायचं कुणी?

ऑस्ट्रेलियात पर्थच्या शाळांमध्ये नर्सबाईंनी मुलींना रडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बाहुल्या सांभाळायला दिल्या. बाळाचं करणं किती जड असतं ते कळलं की मुली सावध होतील, असा हिशेब. झालं उलटंच. 2016 साली ‘लॅन्सेट’मध्ये निकाल छापून आला : बाहुलीवाल्या गटात 17 टक्के मुलींना विशीच्या आत दिवस गेले, दुसऱ्या गटात 11 टक्के.

आपल्याकडे हा प्रश्न बहुतेकदा लग्नाच्या मांडवातूनच येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) बालविवाहांचं प्रमाण महाराष्ट्रात 21.9 टक्के, देशात 23.3. म्हणजे आपण थोडे बरे. पण 15 ते 19 वयात आई झालेल्या किंवा गरोदर मुली आपल्याकडे 7.6 टक्के, देशात 6.8! बीडमध्ये तर बालविवाहच 43.7 टक्के.

बीड जुन्नर तालुक्यातल्या खोडदपासून लांब वाटतं, पण गळीत हंगामात नसतं. विज्ञान दिनाला खोडदची महादुर्बीण पाहायला शाळकरी मुलामुलींची रीघ लागते, तेव्हा विघ्नहर आणि भीमाशंकर साखर कारखान्यांच्या पट्ट्यात बीडकडून आलेल्या टोळ्यांची ऊसतोड चालू असते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीवर मिळते, म्हणून लग्नाची घाई.

मग उपयोग कशाचा होतो? पैठण तालुक्यात पाचोडच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट’ने किशोरींचे रोज संध्याकाळी तासभर, असे वर्षभर वर्ग घेतले. 1997 ते 2001 या काळात तिथलं लग्नाचं मध्यवय 16 वरून 17 वर गेलं. एकच वर्ष, पण ते व्याख्यानांनी मिळालं नसतं. पुढे याच संस्थेने लग्न झालेल्या किशोरींच्या घरी नियमित भेटी सुरू केल्या. सरकारही 2012 पासून लग्नानंतर पहिलं मूल दोन वर्षं लांबवल्यास आशाताईंना 500 रुपये देतं.

अडचण फडावर येते. मुलीचं नाव गावाकडच्या आशाताईच्या वहीत, मुलगी इथल्या कोपीत. ‘अंतरा’चं गर्भनिरोधक इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचं, दिवाळीआधी गावात घेतलं, तर पुढची तारीख ऐन तोडीत येते. त्यात वय अठराच्या आत निघालं, तर ‘पोक्सो’खाली पोलिसांना कळवणं उपकेंद्रातल्या सिस्टरला बंधनकारक. मग वय विचारलं की ‘एकोणीस’ हे उत्तर तयारच असतं. सिस्टरने धमकावून काही निघत नाही, ओळख वाढवावी लागते, आणि त्याला वेळ लागतो. टोळ्यांची यादी कारखान्याकडे असतेच. गळीत सुरू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात ती यादी उपकेंद्रात पोचली, तर सिस्टरच्या हातात निदान पाच महिने तरी राहतील.