उकिरड्यावरची पारख

उकिरड्यावरचे कुत्रे दिसेल ते खाते, हा समज खरा नाही. आदिलाबादच्या बाजारात काय किंवा पैनगंगेकाठच्या बेला-जैनथ भागातल्या गावांत काय, एकाच ढिगात शिळी भाकरी, भाताचे खरकटे आणि कोंबडीची हाडे पडलेली असतात. दुसरे कुत्रे किंवा डुक्कर कधी येईल याचा नेम नसतो. एकेक पदार्थ तपासत बसायला सवड नाही.

या घाईतली निवड कशी होते, हे कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा यांच्या गटाने भटक्या कुत्र्यांवरच प्रयोग करून पाहिले. मोठी कुत्री एक सोपा नियम पाळतात: मांसाचा वास येतो ते आधी. प्रत्यक्षात त्यात पोषण किती, हा विचार मागे पडतो. विशेष म्हणजे पिल्लांत ही आवड जन्मजात आढळली नाही. ती पुढे अनुभवाने येते.

माणसावर विश्वास ठेवण्याचेही तसेच. खाऊ कुठे आहे ते बोटाने दाखवले, तर पिल्ले सहज तिकडे जातात. वयात येणारी कुत्री बिचकतात. मोठी कुत्री मात्र हिशेबी असतात. आधी त्याच माणसाने दाखवलेल्या वाडग्यात काही मिळाले असेल तर पुन्हा ऐकतात, फसवले असेल तर फिरकत नाहीत. हे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. गल्लीतल्या पोरांना ते आधीच ठाऊक असणार.

या शिकण्याचे मूळ मेंदूत आहे. अपेक्षेपेक्षा जास्त मिळाले की डोपामिन सोडणाऱ्या पेशी जोरात चेततात, अपेक्षित ते हुकले की मंदावतात. त्या फरकातून पुढची निवड बदलते. प्रत्येक वेळी बक्षीस मिळणाऱ्या कुत्र्याचे बक्षीस थांबले, तर ते लवकर नाद सोडते. कधी मिळेल, कधी नाही, अशी सवय लागलेले कुत्रे रिकाम्या हातीही बराच वेळ हुंगत राहते.

श्वानपथकांचे काम यावरच चालते. मुंबई पोलिसांच्या ‘जंजीर’ या लॅब्रॅडोरने १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या काळात ३,३२९ किलो आरडीएक्स शोधल्याची नोंद आहे. अशा कुत्र्याला स्फोटकाशी देणेघेणे नसते. तो वास सापडला की चेंडू मिळतो, एवढेच ते शिकलेले असते. खऱ्या तपासात मात्र तासन्‌तास काहीच सापडत नाही. म्हणून हँडलर मधूनच आपण लपवलेला नमुना त्याला हुडकू देतो आणि चेंडू देऊन पुन्हा कामाला लावतो.