पाठीवरचं बाळ आणि गडाची वाट

पाऊस सरला, आभाळ मोकळं झालं, की सह्याद्रीच्या वाटांवर वर्दळ सुरू होते. त्या वर्दळीत आता तान्ह्या मुलांना घेऊन आलेली जोडपीही दिसतात. मला ते आवडतं. लेकुरवाळ्यांनी घरातच बसावं, असा काही नियम नाही. अशा कुटुंबांबरोबर मी बरेचदा डोंगर चढलो आहे. निघण्यापूर्वी त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: ‘बाळासाठी कॅरियर कोणतं घेऊ?’ दुकानदार रंग, खिसे आणि किंमत सांगतो. मी उलट तीन प्रश्न विचारतो. बाळ केवढं आहे? त्याला उचलणार कोण? आणि वाट कोणती आहे?

पहिला प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, कारण तो श्वासाचा आहे. पहिले काही महिने बाळाला मान सावरता येत नाही. सैल झोळीत ते अर्धचंद्रासारखं वाकतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. कधी कापडच नाकावर येतं. अशा वेळी बाळ रडूही शकत नाही. बघणाऱ्याला ते शांत झोपल्यासारखं वाटतं. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगानं मार्च २०१० मध्ये अशा झोळीवजा स्लिंगबद्दल जाहीर इशारा दिला. आधीच्या वीस वर्षांतले निदान १४ मृत्यू या स्लिंगशी जोडलेले त्यांना आढळले होते आणि त्यांतली १२ बाळं चार महिन्यांच्या आतली होती.

म्हणून बाळ पुढे बांधलं असेल तर चार गोष्टी पाहाव्यात. त्याचा चेहरा सतत दिसला पाहिजे. मान वाकवली की कपाळाचा पापा घेता येईल, इतकं ते वर असावं. हनुवटीखाली निदान एक बोट मावलं पाहिजे. आणि पाठीला घट्ट आधार हवा. डोंगरात आणखी एक अडचण येते. बाळ पुढे असलं की आपलीच पावलं आपल्याला दिसत नाहीत. सपाट रस्त्यावर हे चालून जातं, मुरमाड उताराच्या घसाऱ्यावर नाही. तेव्हा बाळ स्वतःहून नीट बसू लागेपर्यंत, म्हणजे साधारण सहा महिने, लांबचा ट्रेक नकोच. लोणावळ्याहून तुंगार्ली धरणापर्यंत सकाळचा फेरफटका मारावा; तेवढ्यानं आईबापांचीही हौस भागते.

आता पायांचं पाहू. बाळाचे पाय सरळ लोंबकळत ठेवणारं कॅरियर घेऊ नये. मांड्या फाकलेल्या, गुडघे कुल्ल्यांपेक्षा किंचित वर, बेडकासारखी बैठक हवी. पहिल्या महिन्यांत खुब्याची वाटी अजून घडत असते; पाय ओढून सरळ बांधले तर खुबा सरकण्याचा धोका वाढतो. जपानमध्ये १९७५ च्या सुमारास बाळांचे पाय सरळ गुंडाळू नयेत म्हणून मोठी मोहीम झाली आणि खुबा निखळण्याचं प्रमाण पुष्कळच खाली आलं. आपल्या बाया मूल कडेवर घेतात तेव्हा हीच बैठक आपोआप साधते. कॅरियर घेताना कडेवरचं मूल डोळ्यांपुढे आणा. त्याच्यासारखं बसलं तर कॅरियर बरं.

बसू लागलेल्या मुलासाठी दोन प्रकार मिळतात. एक मऊ कापडाचं, कमरपट्टा आणि खांदेपट्टे असलेलं. ते हलकं असतं, मूल पाठीला चिकटून राहतं, त्यामुळे तोल सांभाळायला सोपं. दोष एकच: दोघांच्या अंगाची ऊब एकत्र होते आणि पाठ घामानं निथळते. दुसरा प्रकार अॅल्युमिनियमच्या चौकटीचा. त्यात हवा खेळती राहते, उन्हाला छत असतं, सामानाला जागा असते. पण रिकामी चौकटच तीनेक किलो भरते आणि मूल उंच, शरीरापासून लांब बसतं. बुटाची नाडी बांधायला पटकन वाकलात आणि आतले पट्टे सैल असतील, तर मूल डोक्यावरून पुढे येऊ शकतं. वाकायचं ते गुडघ्यातच.

दुसरा प्रश्न, उचलणार कोण? वर्षाचं मूल नऊ-दहा किलोंचं. चौकट तीन किलो, दोन लिटर पाणी, लंगोट, कपडे, खाऊ. बघता बघता पंधरा-सोळा किलो होतात. कॅरियरवर लिहिलेली वजनाची मर्यादा बहुधा मुलासकट सगळ्या सामानाची असते, हे ध्यानात ठेवा. हे वजन खांद्यांवर नव्हे, कमरेच्या हाडांवर आलं पाहिजे. म्हणून सगळे पट्टे सैल करून आधी कमरपट्टा आवळायचा, मग खांद्याचे, शेवटी छातीचा. आई आणि बाबा आळीपाळीनं उचलणार असतील, तर पाठीची लांबी कमी-जास्त करता येणारंच घ्या. दुकानात जाताना दोघांनीही जा.

तिसरा प्रश्न वाटेचा. तो दुकानात कुणी विचारत नाही. चौकटीत बसलेल्या मुलाचं डोकं बहुधा आपल्या डोक्याच्या वर असतं. कारवीच्या रानातून, गडाच्या बुटक्या दरवाज्यातून आपण वाकून जातो, मुलाला मात्र फांदी लागते. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर दोन्ही हात गुंतलेले असतात आणि सुट्टीच्या दिवशी वरून-खालून माणसं येत असतात. तिथे पाठीवर मूल नको. कोंढिवड्याची चढण चढून राजमाचीला जाण्यापेक्षा लोणावळ्याकडून येणारा लांब पण रुंद रस्ता बरा. हात टेकावे लागतात असा कातळटप्पा किंवा वाहता ओढा आला, की कॅरियर कोणतंही असो, परत फिरावं.

चालताना आपण तापतो, मूल मात्र बसून असतं. थंडीच्या पहाटे आपल्याला घाम फुटलेला असतो, तेव्हा त्याची पावलं गार पडलेली असतात. उन्हाळ्यात ते आपल्याआधी सुकतं. दर पाऊण तासानं उतरवा, पाय मोकळे करू द्या, पाजा, लंगोट पाहा. चौकट जमिनीवर उभी राहत असली तरी ती खुर्ची नव्हे. मूल आत ठेवून फोटो काढायला जाऊ नका.

आणि नव्या कॅरियरची पहिली परीक्षा मुलावर घेऊ नका. आठ-नऊ किलो तांदूळ पिशवीत घट्ट बांधून आत ठेवा आणि पर्वतीच्या पायऱ्या चढून-उतरून या. खांदे दुखले तर पट्टे चुकले, गुडघे कुरकुरले तर वजन जास्त झालं. नंतर मुलाला घेऊन तासभर सपाटीवर चाला. त्याला झोप लागली आणि मान एका बाजूला लोंबू लागली, तर त्या कॅरियरला डोक्याचा आधार पुरेसा नाही, ते बदलून घ्या. एवढं जमलं की मग गडाचा विचार करावा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)