हांक आणि ओरड

मुलांवर ओरडणें हा बहुतेक घरांत दोष मानला जात नाहीं. ‘बोललोंच ना, मारलें तर नाहीं?’ असें म्हणून आपण मनाचें समाधान करून घेतों. मींही पुष्कळ वर्षें तेंच केलें.

परवां सायंकाळीं माझा मुलगा कचेरींतून आला. नातू माडीवर गृहपाठ टाकून मोबाइल पाहत बसला होता. मुलानें जिन्याखालून हांक मारली, उत्तर नाहीं. दुसऱ्यानें तेंच नांव ताणून घेतलें. तिसरी ही हांक राहिलीच नव्हती. आठ वर्षांचा पोर भिंतीशीं अंग चोरीत खालीं आला. गृहपाठ किती झाला, ह्या साध्या प्रश्नाचेंही उत्तर त्याला सुचेना. तो नुसता बापाच्या तोंडाकडे पाहत राहिला.

व्याकरणांत ज्याचें आयुष्य गेलें, त्याला सूत्रें भलत्याच वेळीं आठवतात. पाणिनीनें अष्टाध्यायीच्या आठव्या अध्यायांत सांगितलें आहे कीं, राग किंवा धमकी दाखवितांना वाक्यारंभींचें संबोधन दोनदां येतें; आणि धमकींत त्या दुसऱ्या उच्चाराचा अंत्य स्वर प्लुत, म्हणजे तीन मात्रांचा, होतो. संतापलेल्या माणसाचा आवाज त्यानें किती बारकाईनें ऐकला होता! हीं सूत्रें पाठ केलीं तेव्हां मला मोठें कौतुक वाटलें होतें. परवां वाटलें नाहीं, कारण जिन्यांतला तो प्लुत स्वर माझाच होता. मुलानें तो माझ्यापासून उचलला. (ताडनाचे गुण गाणारा एक श्लोक ह्याच प्रकरणीं महाभाष्यांत आहे, तोही मीं पूर्वीं ढालीसारखा पुढें केला आहे.)

शाळेंत मी शांत मास्तर म्हणून ओळखला जाई. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें मारण्याबरोबर मानसिक छळासही शाळेंत बंदी केली, तेव्हां मला नवें कांहीं सोडावें लागलें नाहीं. वर्ग गलबला करूं लागला कीं आवाज चढवावयाचा नाहीं, उलट उतरवावयाचा, हें मला ठाऊक होतें. भ्यालेल्या मुलाला शब्द पोंचत नाहींत, नुसता आवाज पोंचतो, हेंही ठाऊक होतें. परंतु दिवसभर आवरलेला राग मी घरीं आणीत असें, आणि घरीं तपासनीस नव्हता.

त्या रात्रीं मुलगा माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, “अण्णा, मी तुमच्यासारखा ओरडणार नाहीं, असें ठरविलें होतें.” मला उत्तर देतां आलें नाहीं.

एक गोष्ट वर सांगावयाची मीं टाळली. दमून आलेल्या मुलाला दाराशींच ‘तुझे चिरंजीव दुपारपासून मोबाइल सोडीत नाहींत’ असें सांगणारा मीच होतों. एकत्र कुटुंबांत हें फार होतें. आम्ही वडील मंडळी फिर्याद सांगतों, बाप ओरडला म्हणजे नातवाला पोटाशीं धरतों, आणि वर बापाला त्याच्यादेखत चार शब्द सुनावतों. ह्यांत मूल काय शिकत असेल?

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मुलानें नातवाला सांगितलें, “काल माझें चुकलें. पण गृहपाठ राहिला आहे, तो आपण दोघे करूं.” बाहेरून मी तें ऐकत होतों. माझ्या तोंडून असें वाक्य त्याच्या लहानपणीं एकदांही निघालें नव्हतें.

आतां कांहीं सांगावयाचें असेल तर मुलगा माडीवर जाऊन सांगतो. जिना चढतांना अर्धा राग ओसरतो, असें त्याचें म्हणणें आहे. त्याचा चहा होईपर्यंत मीं तक्रार काढावयाची नाहीं, असें सूनबाईंनीं बजावलें आहे. मागल्या आठवड्यांत तो दोनदां ओरडला. मी एकदां.