गावाला विचारून उभा राहिलेला दवाखाना

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ साली गडचिरोलीत आले, तेव्हा हा जिल्हा चंद्रपूरपासून वेगळा होऊन चारच वर्षे झाली होती. दोघेही नावाजलेले डॉक्टर, अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन आलेले. त्यांनी ‘सर्च’ ही संस्था काढली आणि आदिवासींमधल्या सिकलसेल या रक्तदोषावर संशोधन केले. निष्कर्ष महत्त्वाचे होते, पण गावकऱ्यांना त्याचे फारसे सोयरसुतक नव्हते. त्यांना छळणारी दुखणी वेगळीच होती. लोकांचे प्रश्न लोकांनाच विचारायचे, हा धडा बंग दांपत्याने तिथे घेतला आणि पुढच्या कामाची दिशाच बदलली.

सरकारी इस्पितळात का जात नाही, असे त्यांनी आदिवासींना विचारले. भीती वाटते, असे उत्तर आले. इमारत एवढी मोठी की माणूस हरवावा. आपल्याकडे मढ्याला पांढरे कापड गुंडाळतात आणि तिथे डॉक्टर-नर्स पांढऱ्याच कपड्यांत वावरतात. त्यांची भाषा कळत नाही, रात्री नातेवाइकांना रोग्याजवळ थांबू देत नाहीत, आणि तिथे देवही नाही. आरोग्यशिक्षणात असे बोलणे सहसा ‘अज्ञान’ या सदरात जाते. इथे मात्र त्यावरूनच दवाखान्याचा आराखडा ठरला. ‘सर्च’च्या शोधग्राम या परिसरात आदिवासी पाड्यासारख्या झोपड्या उभ्या राहिल्या, नातेवाइकांच्या मुक्कामाची सोय झाली आणि दवाखान्याला दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले.

पण विचारले की सगळेच कळते, असे नाही. काही दुखणी लाजेपोटी ओठांवर येत नाहीत. डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतल्या स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा ९२ टक्के जणींना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला. त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के होत्या. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हा अभ्यास छापला आणि बाळंतपणापलीकडे स्त्रीचे काही दुखणे असते, याकडे जगातल्या आरोग्यधोरणाचे लक्ष गेले. दारूबद्दल मात्र बोलले गेले. बायकांच्या तक्रारींतून आंदोलन उभे राहिले आणि १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली.

या कामाचा खरा कस लागला तो बालमृत्यूंच्या प्रश्नावर. लहान मुले न्यूमोनियाने दगावत होती. त्याचे निदान श्वास मोजून करता येते, पण गावच्या सुईणींना एवढे मोठे आकडे मोजता येत नव्हते. मग एक साधे यंत्र बनवले: एका मिनिटाची वाळूची घडी आणि शेजारी मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. ठरलेल्या मण्यापर्यंत वाळू संपण्याआधी पोचलो, तर न्यूमोनिया. सुईणीला साक्षर करण्याची वाट न पाहता त्यांनी साधनच तिच्या हाताला बेतून घेतले.

पुढचे पाऊल अधिक धाडसाचे होते. बाळंतपणे घरी होत, आजारी बाळाला तालुक्याला नेणे अनेकांच्या आवाक्याबाहेर होते. म्हणून ३९ गावांत, थोडेफार शिकलेल्या तिथल्याच स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केले. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, श्वास कोंडलेल्या बाळाला श्वास देणे आणि जंतुसंसर्ग झाल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शन टोचणे, हे सारे त्या शिकल्या. खेड्यातल्या बाईच्या हाती सुई देण्याची कल्पना अनेक डॉक्टरांना धोक्याची वाटली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या आकड्यांनी उत्तर दिले: तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. २०११ मध्ये केंद्र सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत घरपोच नवजात बालसेवा देशभर सुरू केली.

सेवेतून नेतृत्व म्हटले की आपल्यासमोर त्याग येतो. त्यागाला मान द्यावा, पण नुसत्या त्यागाने बाळ वाचत नाही. गडचिरोलीत तीन अवघड गोष्टी घडल्या. आपल्या आवडीचा विषय बाजूला ठेवणे, लोकांच्या भीतीला वेडगळ न ठरवता तिच्यातली माहिती वेचणे, आणि आपल्या हातचे कौशल्य दुसऱ्याच्या हाती सोपवणे. तिसरी सर्वांत कठीण, कारण तिथे तज्ज्ञाचा मोठेपणा आड येतो. कार्यकर्ता असो, सरपंच असो की शाळेचा मुख्याध्यापक, त्याच्या सेवेची पारख करायची तर एवढेच पाहावे: तो गावी नसताना काय काय अडते?