उंदराच्या पोटातला दुष्काळ

प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदराचं रोजचं खाणं म्हणजे धान्याच्या भरड्यात क्षार आणि जीवनसत्त्वं घालून दाबलेल्या बेचव कांड्या. त्यातल्या उष्मांकांपैकी जेमतेम दहावा हिस्सा स्निग्धाचा. उंदीर लठ्ठ करायचा असेल तर हा हिस्सा 45 किंवा 60 टक्क्यांवर नेतात. 1976 मध्ये अमेरिकेत स्क्लाफानी आणि स्प्रिंगर यांनी सोपा मार्ग काढला. दुकानातली बिस्किटं, चॉकलेट, चीज, कंडेन्स्ड मिल्क त्यांनी सरळ पिंजऱ्यात ठेवलं. कांड्याही होत्याच, पण त्यांना विचारतो कोण? उंदीर भराभर सुटले.

गंमत अशी की तेच तेलकट-गोड खाऊन सगळे उंदीर सारखे सुटत नाहीत. काहींचे पिंप होतात, काही होते तसेच राहतात. काही भाग जन्मजात. पण आई-आजीच्या पोटात काय गेलं होतं, याचाही हिशेब असतो, आणि तो मांडला पुण्याशी नातं असलेल्या एका प्रयोगाने.

विस्टार जातीच्या उंदरांच्या तब्बल 50 पिढ्या अर्धपोटी वाढवल्या गेल्या. डॉ. आनंदवर्धन हर्डीकर, डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये 'सेल मेटाबॉलिझम'मध्ये निष्कर्ष छापले. पिल्लं जन्मतःच हलकी, तरी पोटात चरबी जास्त. रक्तात इन्सुलिन भरपूर, पण शरीर त्याला दाद देईना, बी-12 कमी. मधुमेह घडवणारं औषध टोचलं तेव्हा धोका धडधाकट उंदरांच्या आठपट निघाला. पुढच्या दोन पिढ्यांना पोटभर साधं खाणं दिलं, तरी बिघाड गेला नाही. इन्सुलिनच्या जनुकावरच्या रासायनिक खुणाही बदललेल्या आढळल्या.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरं. पण पुण्याजवळच्या सहा गावांत 1993 पासून याज्ञिकांनी तान्ह्या बाळांची मोजमापं घेतली, तेव्हा चित्र फार वेगळं नव्हतं. इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची, आपली 2.7 किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने टिकून.

आता जालन्याकडे बघा. 1972 च्या दुष्काळात खडी फोडून सुकडीवर दिवस काढलेली माणसं अजून घरोघरी आहेत. 2012-13 मध्ये मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. त्याच घरातला नातू आज स्टीलच्या कारखान्यात रात्रपाळी करतो आणि मध्यरात्री समोसा, फरसाण, थंड बाटलीवर भागवतो. त्याच्या किडकिडीत अंगाकडे बघून 'याला काय होतंय' म्हणणं मला धोक्याचं वाटतं.

म्हणून नुसत्या वजनकाट्यावर विसंबू नका. शिंप्याची टेप कमरेभोवती लावा. पुरुषाचा घेर 90 सेंटिमीटरच्या किंवा बाईचा 80 च्या पुढे असेल, तर अंग कितीही बारीक दिसो, जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन साखर तपासून घ्या.