ए स्कॅनर डार्कली

मादक पदार्थांचे व्यसन, त्याविरुद्धची पोलिसी मोहीम आणि व्यसनमुक्तीच्या संस्था यांवरील उपरोधप्रधान अमेरिकन कादंबरी. फिलिप के. डिक (१६ डिसेंबर १९२८–२ मार्च १९८२) हा तिचा लेखक. डबलडे या प्रकाशनसंस्थेने ती १९७७ मध्ये प्रसिद्ध केली. कथेचा काळ त्या वेळच्या भविष्यातील, म्हणजे १९९४ चा, असून स्थळ दक्षिण कॅलिफोर्नियातील ऑरेंज काउंटी हे आहे. त्यामुळे तिची गणना विज्ञानकादंबऱ्यांत होते. तथापि चेहरा झाकणारा एक अद्‌भुत पोशाख आणि घरातील हालचाली टिपणारी यंत्रे वगळल्यास तीतील जग १९७० च्या आसपासच्या कॅलिफोर्नियाचेच आहे. पॉलने करिंथ येथील ख्रिस्ती मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्रात, मनुष्याला सत्याचे दर्शन आरशातल्याप्रमाणे अंधुक घडते, असा विचार आला आहे. त्यातील आरशाच्या जागी टेहळणीचे यंत्र घालून डिकने आपल्या कादंबरीचे नाव सिद्ध केले.

पार्श्वभूमी : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मादक पदार्थांवरील नियंत्रणाचा संघीय पातळीवरील पाया १९१४ च्या हॅरिसन कायद्याने घातला. १९७० च्या नव्या कायद्याने या पदार्थांची पाच अनुसूचींत वर्गवारी केली आणि १९७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी व्यसन हा देशाचा पहिल्या क्रमांकाचा शत्रू असल्याचे जाहीर केले. याच सुमारास विरुद्ध दिशेचे विचारही पुढे येत होते. निक्सन यांनीच नेमलेल्या शेफर आयोगाने १९७२ मध्ये, स्वतःच्या सेवनासाठी गांजा बाळगणे हा गुन्हा मानू नये, अशी शिफारस केली. ती निक्सन यांनी फेटाळली. अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी त्याच वर्षी लिहिलेल्या एका लेखात बंदीमुळे मालाची किंमत चढते व त्यातून गुन्हेगारी पोसली जाते, असे प्रतिपादन केले. १९७३ मध्ये ऑरेगन राज्याने अल्प प्रमाणात गांजा बाळगण्याबद्दलची फौजदारी शिक्षा काढून टाकली. डिकचे लेखन या वादाच्या ऐन भरात झाले.

त्यामागे लेखकाचा प्रत्यक्ष अनुभव होता. डिक दीर्घकाळ ॲम्फेटामीन या उत्तेजक औषधाच्या आधाराने लेखन करीत असे. चौथा विवाह मोडल्यानंतर त्याच्या कॅलिफोर्नियातील घरी व्यसनी तरुणांचा राबता सुरू झाला. नोव्हेंबर १९७१ मध्ये त्या घरात मोठी घरफोडी झाली. तिचा उलगडा कधीच झाला नाही. पुढील वर्षी कॅनडातील व्हँकूव्हर येथे त्याने आत्महत्येचा प्रयत्न केला व त्यानंतर तो तेथील एक्स-कले या व्यसनमुक्ती केंद्रात काही काळ राहिला. कादंबरीतील ‘न्यू-पाथ’ या संस्थेचे चित्रण या अनुभवावर आधारलेले आहे.

कथानक : ‘सब्स्टन्स डी’ नावाच्या एका अत्यंत घातक मादक पदार्थाने समाजाला ग्रासले आहे. व्यसनी लोक त्याला ‘मृत्यू’ असेच म्हणतात. या पदार्थाचा उगम शोधण्यासाठी नेमलेला गुप्त पोलीस बॉब आर्क्टर हा दोन व्यसनी मित्रांसह राहतो. पोलीस कचेरीत मात्र तो ‘फ्रेड’ या सांकेतिक नावाने वावरतो. तेथे तो ‘स्क्रॅम्बल सूट’ हा पोशाख घालतो. त्यावर असंख्य चेहऱ्यांचे अंश क्षणोक्षणी उमटत असल्याने आतील व्यक्ती वरिष्ठांनाही ओळखता येत नाही. परिणामी आर्क्टर नावाच्या संशयितावर पाळत ठेवण्याची कामगिरी नेमकी फ्रेडवर सोपविली जाते. स्वतःच्याच घरात बसविलेल्या यंत्रांनी टिपलेली स्वतःचीच चित्रे तो तासन्‌तास पाहतो व स्वतःविरुद्ध अहवाल लिहितो.

सोंग टिकविण्यासाठी त्याला सब्स्टन्स डी घ्यावे लागते आणि त्यामुळे त्याच्या मेंदूच्या दोन गोलार्धांतील समन्वय तुटू लागतो. प्रारंभी जे केवळ सोंग होते, त्याचे रूपांतर खऱ्याखुऱ्या द्विधा व्यक्तिमत्त्वात होते. फ्रेडला आर्क्टर हा कोणी परका मनुष्य वाटू लागतो. अखेर पूर्णपणे निकामी झालेल्या अवस्थेत त्याला न्यू-पाथमध्ये दाखल केले जाते व ‘ब्रूस’ हे नवे नाव मिळते. आर्क्टरचे जिच्यावर प्रेम असते, ती डॉना ही वस्तुतः संघीय शासनाची हस्तक असते. न्यू-पाथच्या शेतांवर केवळ मेंदू जळून गेलेल्यांनाच प्रवेश मिळत असल्यामुळे तेथे पोहोचविण्यासाठी आर्क्टरचा बळी हेतुपुरस्सर देण्यात आला आहे, हे वाचकाला शेवटी उमगते. मक्याच्या पिकात दडविलेली निळी फुले ब्रूसच्या दृष्टीस पडतात. सब्स्टन्स डी त्यांपासूनच तयार होते. एक फूल तो मित्रांना दाखविण्यासाठी बुटात लपवून ठेवतो. त्या फुलाचा अर्थ त्याला कळला आहे की नाही, हे लेखकाने संदिग्ध ठेवले आहे.

उपरोधाचे स्वरूप : कादंबरीचा पूर्वार्ध विनोदी प्रसंगांनी भरलेला आहे. सायकलीचे पुढचे दोन व मागचे पाच दाते-चक्र यांचा गुणाकार करण्याऐवजी बेरीज करून, दहा गिअरच्या सायकलीचे तीन गिअर चोरीस गेले, असा निष्कर्ष काढणारे मित्र. बंदुकीचा आवाज दबविण्यासाठी घरी केलेले व तो अधिकच वाढविणारे साधन. आत्महत्येची जय्यत तयारी करणाऱ्या फ्रेकपुढे प्रकट होऊन त्याच्या पापांची अनंत यादी वाचू लागणारा अनेक डोळ्यांचा प्राणी, ही त्याची काही उदाहरणे होत. हा विनोद निरुपद्रवी नाही. पोलिसांचे मानसशास्त्रज्ञ पुढे गिअरांच्या त्याच संभाषणाकडे बोट दाखवितात आणि घरातील एकालाही साधा गुणाकार सुचू नये, हे मेंदूच्या ऱ्हासाचे लक्षण मानतात. ज्या गोष्टीला वाचक हसला, तीच रोगनिदानाचा पुरावा ठरते.

उपरोधाचा रोख व्यसनी लोकांपुरता मर्यादित नाही. कादंबरीत प्रतिष्ठित नागरिकांच्या वसाहती सशस्त्र पहाऱ्यात आहेत आणि क्रेडिट कार्ड नसलेल्यास बाजारसंकुलात प्रवेश मिळत नाही. एका सभेत आर्क्टर स्क्रॅम्बल सूट घालून भाषणास उभा राहतो व ठरलेला मजकूर सोडून व्यसनी लोकांविषयी कणवेने बोलू लागतो. तेव्हा श्रोते अस्वस्थ होतात आणि वरिष्ठ त्याला कर्णयंत्रातून दटावतात.

कायदेशीर मान्यतेचा वाद : या वादातील प्रमुख पक्ष स्थूलमानाने दोन होते. एका पक्षाच्या मते व्यसन हा गुन्हा असून त्याला शिक्षा हाच उपाय. दुसऱ्याच्या मते तो रोग असल्याने त्यावर उपचार व्हावेत आणि त्यासाठी कायद्याची पकड सैल करावी. डिकने कोणत्याही पक्षाची वकिली केलेली नाही. किंबहुना दोन्हींच्या गृहीतकांवर त्याने बोट ठेवले आहे. कादंबरीला जोडलेल्या टिपणात त्याने व्यसनाला रोग न म्हणता चुकलेला निर्णय म्हटले आहे. मात्र खेळण्याच्या आनंदात केलेल्या या चुकीबद्दल भोगावी लागलेली शिक्षा अपराधाच्या मानाने अतिशय मोठी होती, असे तो सांगतो. ज्या मित्रांना मृत्यू आला वा कायमचे अपंगत्व आले, त्यांची यादी त्याने तेथे दिली असून तीत स्वतःच्या स्वादुपिंडाला झालेल्या कायमच्या इजेची नोंदही केली आहे. व्यसनाची रोगकल्पना टॉमस सास या मनोविकारतज्ञानेही १९७४ मधील आपल्या ग्रंथात नाकारली होती. परंतु सासने त्यातून व्यक्तिस्वातंत्र्याचा निष्कर्ष काढला, तर डिकने केवळ शोक व्यक्त केला.

कथानकाचा निष्कर्ष मात्र याहून कठोर आहे. कादंबरीत पोलीस यंत्रणा व उपचारसंस्था या परस्परविरोधी नसून व्यसनी मनुष्य हा दोघींचाही कच्चा माल आहे. उपचार करणारी संस्थाच विषाचे उत्पादन करते. ते उघडकीस आणू पाहणारे शासन त्यासाठी एका माणसाचा मेंदू त्याच्या संमतीवाचून खर्ची घालते. एखादा पदार्थ निषिद्ध असावा की मुक्त, या प्रश्नाआधी, त्या पदार्थाच्या नावाने चाललेल्या व्यवहारात माणसाला साधन म्हणून वापरले जाते काय, हा प्रश्न डिक उपस्थित करतो.

कायद्याच्या पुढील वाटचालीत हा प्रश्न मागे पडला नाही. कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये वैद्यकीय कारणांसाठी व २०१६ मध्ये प्रौढांच्या सर्वसाधारण वापरासाठी गांजाला सार्वमताने मान्यता दिली. ऑरेगनमध्ये २०२० च्या सार्वमताने सर्वच मादक पदार्थ अल्प प्रमाणात बाळगण्याची दंडनीयता काढून उपचारांवर भर देण्यात आला. परंतु २०२४ मध्ये तेथील विधिमंडळाने फौजदारी शिक्षा पुन्हा आणली. शिक्षा व उपचार या दोन टोकांमधील हे हेलकावे पाहता, या दोहोंविषयी डिकने दाखविलेली साशंकता अनाठायी नव्हती, असे म्हणता येईल.

मूल्यमापन : कथानकाची वीण काही ठिकाणी सैल असून मेंदूच्या गोलार्धांविषयीचे विवेचन तत्कालीन संशोधनावर विसंबलेले व काहीसे सुलभीकृत आहे. तथापि बोलीभाषेतील जिवंत संवाद, विनोदाकडून शोकात्मतेकडे होणारे अलक्षित संक्रमण आणि निवेदनातच नायकाचे दुभंगणे साकार करण्याचे कौशल्य, या गुणांमुळे ही कादंबरी डिकच्या श्रेष्ठ कृतींत गणली जाते. रिचर्ड लिंकलेटर यांनी २००६ मध्ये तिच्यावर चित्रपट काढला. नटांचे प्रत्यक्ष चित्रीकरण करून त्यावर रेखाटन करण्याचे तंत्र त्यात वापरले असून कियानू रीव्ह्ज यांनी आर्क्टरची भूमिका केली आहे.