कोंबडीला करडईची पेंड चालेल का?

लातूरच्या बाजारात सोयाबीन भडकलं की नांदेडच्या ब्रॉयलर शेडचं गणित बिघडतं. ऑगस्ट २०२१ मध्ये तर केंद्राने १२ लाख टन सोयापेंड आयातीला मुभा दिली. मग मराठवाड्याचीच करडईची पेंड का नको? कोंबडीला नुसती प्रथिनं नव्हे, त्यांतली अमिनो आम्लं ठरावीक प्रमाणात लागतात. करडईत लायसिन कमी. ते तोकडं पडलं की बाकीची आम्लं यकृतात मोडली जातात, त्यांतला नायट्रोजन विष्ठेतून बाहेर पडतो, शेडमध्ये अमोनियाचा दर्प वाढतो आणि छातीचं मांस भरत नाही. म्हणून टरफल काढलेल्या करडईची पेंड, थोड्या प्रमाणात आणि वरून लायसिन मिसळून द्यावी. मांस बेचव होईल, ही भीती मला पटत नाही. वास बिघडतो तो बहुतेकदा खाद्यातल्या तेलामुळे, कारण खाल्लेलं तेल कोंबडीच्या चरबीत उतरतं. मासळीची कुटी जास्त झाली की मांसाला वास येतो तो त्यामुळेच. नीट तेल काढलेल्या पेंडीत हा धोका फारच थोडा.